थांबली की बंद पडते

३ तारीख, सोमवार

गॅरेजात अडेलतट्टू गाडी आली की मी तिच्या नावाने वही घालतो. बिघाड कधी होतो, इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, चढावर की सपाटीला, हे आठ दिवस नेमाने लिहिलं की बिघाड आपणहून समोर येऊन उभा राहतो. पस्तीस वर्षांत या पद्धतीने मला दगा दिलेला नाही. आज पहिल्यांदाच मी बायकोच्या नावाने वही घातली आहे. हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर हीच वही माझ्या टाळक्यात बसेल.

हकीकत अशी. ही बावीस वर्षं वाचनालयात आहे. वाचनालयाची एक छोटी व्हॅन आहे, पुस्तकांनी भरलेली. आठवड्यातून दोन दिवस ती गावाबाहेरच्या सात थांब्यांवर जाते. तिचा चालक गेल्या महिन्यात निवृत्त झाला आणि वरून उत्तर आलं की नवा माणूस मिळणार नाही. महिनाअखेरपर्यंत कर्मचाऱ्यांपैकी कोणी चालवायला तयार झालं तर ठीक, नाहीतर व्हॅन विकून टाका. सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि ही म्हणाली, "मी चालवीन." वय वर्षं चोपन्न. तोवर घरातली सायकलसुद्धा हिने हातात धरून नेलेली.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून झालं. अठ्ठावीस तारखेला परवान्याची परीक्षा आहे. गाडी आपली आपण न्यायची असते, म्हणून आता सराव आमच्या गाडीवर, आणि शेजारच्या सीटवर मी. गाडी सोळा वर्षांची, पण माझ्या हातची. आजवर तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिलेला नाही.

आजची नोंद: तीनदा थांबलो, तिन्ही वेळा इंजिन बंद.

५ तारीख, बुधवार

शाळेपुढच्या सिग्नलला बंद. गोल चौकात बंद. पाण्याच्या टाकीपाशी, जिथे थांबायची काही गरज नव्हती पण एक मांजर आडवं आलं, तिथेही बंद. निघताना मात्र काही होत नाही. चालत्या गाडीत काही होत नाही. थांबली की बंद पडते.

"क्लच पूर्ण दाबला होतास का?"

"तळाला टेकला होता अहो."

"अर्धा दाबला असशील."

"आणि टाकीपाशी तर न्यूट्रलमध्ये होती."

न्यूट्रलमध्ये असलेली धडधाकट गाडी आपणहून बंद पडत नसते. पण मी वाद घातला नाही. डॉक्टरकडे आणि गॅरेजात माणूस कधी पूर्ण खरं सांगत नाही, हा माझा अनुभव आहे. "साहेब, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं," असं म्हणणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो.

"ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असं एकदाही झालं नाही," ही म्हणाली.

"त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच असतो. तो सांभाळून घेत असणार तुला."

मग मी विनोद म्हणून म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." ती हसली नाही. तसा विनोद बरा होता.

६ तारीख, गुरुवार

उगाच अन्याय नको म्हणून आज गाडी तपासली. प्लग काढून पाहिले, बॅटरीची टोकं घासली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. सकाळी थंड इंजिन सुरू केलं तर असं गुणी चाललं की बॉनेटवर चहाचा कप ठेवला तरी हिंदकळला नसता. मग अकरा किलोमीटर फिरवून आणली. मुद्दाम नऊ ठिकाणी थांबलो. एकदाही बंद पडली नाही.

शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माझा मित्र आहे, त्याला सगळे फ्यूज म्हणतात, कारण तो चटकन उडतो. तो म्हणाला, "मग काय, वहिनींच्या पायाचा फिल्टर बदलणार?"

मी नोंद केली: गाडी निर्दोष.

९ तारीख, रविवार

मेहुणी आली होती. पंधरा वर्षं गाडी चालवते. तिची गाडी तिच्या मुलाने नेलेली, म्हणून आमची घेऊन दोघी बहिणी बाजारात गेल्या. मी नाही म्हणणार होतो, पण मेहुणीला नाही म्हणण्याची पद्धत आमच्याकडे नाही. परत आल्यावर तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, दोनदा बंद पडली. गाडी बघा जरा."

"बघितली. गाडीत काही नाही."

"मग माझ्यात आहे का?"

मी हसून वेळ मारून नेली. बहिणी-बहिणी एकाच साच्यातल्या, त्यात मेहुणीने उंच टाचांच्या चपला घातलेल्या. तशा चपलांत क्लचचा अंदाज येत नाही. चपलांची नोंद केली. मेहुणी गेल्यावर ही माझ्याकडे टक लावून बघत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. बघते आहे, तुम्ही काही म्हणता का."

१२ तारीख, बुधवार

आज सराव नाही, पाऊसही नाही, कामही बेताचं. मन मात्र छान होतं. संध्याकाळी ही व्हॅनसाठी पुस्तकांची यादी करत बसली होती आणि तोंडाने एकेका थांब्यावरची माणसं सांगत होती. दुसऱ्या थांब्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. ते फक्त प्रवासवर्णनं वाचतात आणि स्वतः त्या थांब्यापलीकडे गेलेले नाहीत. सहाव्या थांब्यावर एक बाई अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी एका वेळी पाच पुस्तकं नेते, कारण ते तिला रोज रात्री मोठ्याने वाचायला लावतात. महिनाभर पुस्तकं गेली नाहीत तर म्हणे जुनंच पुन्हा वाचतात.

"व्हॅन बंद झाली तर ती बाई काय करेल?" मी विचारलं.

"बंद नाही होणार," ही म्हणाली. अगदी सहज म्हणाली. मला बरं वाटलं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. रोज सकाळी नऊ वीसला मी हिला वाचनालयात सोडतो आणि संध्याकाळी आणतो. बारा मिनिटांचा रस्ता. तेवढ्या वेळात कोणी पुस्तकात औषधाची चिठ्ठी विसरलं, कोणी शेवटचं पान फाडलं, हे सगळं मला कळतं. ती स्वतः गाडी चालवू लागली की हे कशाला लागेल? सोडायला मी नको, आणायला मी नको. असो. वहीत बिघाडाच्या नोंदी करायच्या होत्या, हे मध्येच कुठून आलं कळत नाही.

१५ तारीख, शनिवार

वाईट दिवस.

गोल चौकात, ऐन गर्दीत, एकामागून एक चार वेळा बंद. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ. एक टेम्पोवाला खिडकीतून मान बाहेर काढून काहीतरी म्हणाला. मी हँडब्रेक ओढला आणि म्हणालो, "ऊठ, मी चालवतो."

मी जरा मोठ्याने म्हणालो. काचा खाली होत्या. ती उतरली, सगळ्या गाड्यांच्या पुढून चालत या बाजूला आली आणि बसली. मी गाडी घेतली, वाटेत दोन सिग्नल लागले, दोन्हीकडे थांबलो. कुठे काही झालं नाही.

"बघ," मी म्हणालो.

"बघितलं," ती म्हणाली.

१७ तारीख, सोमवार

हिने सकाळी पत्र लिहून बरोबर नेलं. व्हॅन चालवण्यासाठी दिलेलं नाव मागे घेते, परीक्षेला बसणार नाही. पत्र चार ओळींचं, अक्षर नेहमीसारखं वळणदार. मी म्हणालो, "अगं, अजून अकरा दिवस आहेत." ती म्हणाली, "सात थांब्यांवर सात वेळा थांबायचं असतं. मला थांबताच येत नाही."

वाचनालयापुढे उतरताना तिने रोजच्यासारखं दार हळूच लावलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं हायसंही वाटलं, आणि हायसं वाटल्याचं पुन्हा वाईट वाटलं. वहीत शेवटची नोंद केली. बिघाडाचं कारण: चालक. खाली रेघ मारली.

१९ तारीख, बुधवार

ब्रेकचा ड्रम पायावर पडला. उजवा पाय, करंगळीकडची तीन बोटं. हाड मोडलेलं नाही, पण पायाची ती कड सुजून भोपळा झाली आहे. डॉक्टरांनी भलंमोठं बँडेज बांधलं आणि चार दिवस घरी बसा म्हणाले. घरी बसून मी काय करू? हिने पाय उशीवर ठेवला, कप हातात दिला आणि "ड्रमने तुम्हाला पाहिलं नसेल" एवढंच म्हणाली. गेल्या दोन दिवसांतलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

२० तारीख, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हिने आज बस धरली. "त्या पायाने गाडी हातात घ्यायची नाही," असं बजावून गेली. दहा वाजता मी गाडी घेऊन गॅरेजकडे निघालो. तळवा ठीक होता, अंगठा ठीक होता, फक्त बाहेरची कड कशाला टेकली की डोळ्यांपुढे काजवे. बँक, दवाखाना, दोन कामं करत गेल्याने इंजिन चांगलं तापलेलं. शाळेपुढच्या सिग्नलला थांबलो.

गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू केली. पाय ब्रेकवर ठेवला. बंद पडली. न्यूट्रलमध्ये होती. मी स्वतः हाताने हलवून पाहिलं, न्यूट्रलमध्येच होती. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. एक पोरगेलासा स्कूटरवाला शेजारून जाताना म्हणाला, "काका, क्लच दाबा क्लच!"

मी गाडी कडेला ढकलून घेतली आणि माझ्या पायाकडे बघत बसलो. मग समजलं.

मी ज्या उस्तादांकडे शिकलो त्यांच्याकडे सगळ्या जुन्या, खोकणाऱ्या गाड्या यायच्या. थांबलं की मरायच्या. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, पायाचा चवडा ब्रेकवर ठेवायचा, पाय जरा तिरका करायचा आणि बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरायचा. "इंजिनला उपाशी ठेवू नकोस," म्हणायचे. तेव्हापासून मी प्रत्येक गाडी अशीच थांबवतो. श्वास घेतो तसं, कळतही नाही. म्हणजे नऊ ठिकाणी थांबून मी गाडी तपासली नव्हती, नऊ ठिकाणी मी तिला हाताला धरून उभी केली होती. आज ती कड बँडेजमध्ये होती म्हणून गाडीने आपलं खरं रूप दाखवलं.

सकाळी थंड इंजिन आपोआप जरा जोरात फिरतं, म्हणून गॅरेजात गुणी वाटली. हे तर मी शिकाऊ पोरांनाही सांगतो.

आणि हे सगळं या वहीत पहिल्या आठवड्यापासून लिहिलेलं आहे. न्यूट्रलमध्ये बंद पडली, लिहिलेलं आहे. मेहुणीच्या हातात बंद पडली, लिहिलेलं आहे. मी चपलांची नोंद केली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

२१ तारीख, शुक्रवार

एका पायावर उभा राहून बॉनेट उघडलं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला हवा घ्यायला एक बारीकशी वाट ठेवलेली असते. ती काजळीने पार बुजलेली. किती वर्षांची काजळी, देव जाणे. स्प्रे मारला, टूथब्रशने घासली, फडक्याने पुसली. वीस मिनिटांचं काम. मग इंजिन पूर्ण तापू दिलं आणि हात मागे बांधून, कशालाही न शिवता, गाडीपुढे उभा राहिलो. चालत राहिली. दहा मिनिटं चालत राहिली.

फ्यूजने विचारलं, "काय रे, गाडीला साकडं घालतोयस का?" त्याला काही सांगितलं नाही. त्याला सांगणं म्हणजे गावभर भोंगा लावणं.

मनात एक पळवाट आली, ती लिहितो. काही बोलायचंच नाही. हिला सरावाला न्यायचं, गाडी बंद पडणार नाही, मी म्हणायचं, "बघ, जमलं की नाही तुला!" तीही खूश, माझीही झाकली मूठ सवा लाखाची. ही युक्ती मला दुपारभर फार आवडली होती.

संध्याकाळी म्हणालो, "चल, एक चक्कर मारून येऊ. तू चालव."

ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "नको. मला नाही जमत. तुम्ही सांगितलंत, आणि तुम्हाला गाड्यांमधलं कळतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. जेवताना तिने दोनदा विचारलं, पाय दुखतोय का. मी हो म्हणालो.

२३ तारीख, रविवार

सांगितलं.

सकाळी चहा झाल्यावर तिला वही दिली आणि म्हणालो, "वाच." मला बोलून सांगता येईना म्हणून. तिने चष्मा लावला आणि वाचनालयात वाचते तशी पहिल्या पानापासून, एक ओळ न गाळता वाचली. मी तोवर खिडकीशी उभा. बसायचा धीर झाला नाही.

तिने वही मिटली. "म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं."

"होतं."

"किती वर्षं?"

"सांगता येत नाही. मीच चालवत होतो ना."

"आणि त्या चौकात मी सगळ्यांच्या पुढून चालत आले."

"हो." मग मी म्हणालो, "चुकलं माझं. गाडीचं नाही, माझं." तेहेतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी आधी कधी म्हटलंय का, हे मी आठवत होतो. तीही तेच आठवत असावी, कारण चष्मा काढून पुसत बसली.

मग म्हणाली, "बारा तारखेचं पान मी दोनदा वाचलं." बारा तारखेला मी काय लिहिलं होतं ते मला तेव्हा आठवलं नाही. आता पाहिलं. त्यात गाडीचं काही नाही.

ती उठली, पायात बूट चढवले आणि किल्ली घेतली. "तुम्ही मागे बसा," म्हणाली. "पुढे बसलात की तुमचे पाय हलतात." आम्ही गोल चौकाला सहा फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीत थांबलो. गाडी एकदाही बंद पडली नाही.

आल्यावर म्हणाली, "आता उद्या तुम्हीच जाऊन सांगायचं, मी नाव का मागे घेतलं होतं ते."

२४ तारीख, सोमवार

गेलो. लंगडत गेलो, त्याचाही काही उपयोग झाला नाही. मुख्य ग्रंथपालबाई टेबलाशी होत्या, समोर पुस्तकं बदलायला आलेली पाच-सहा माणसं, आणि वाचनालयात शांतता राखायची असल्याने माझा प्रत्येक शब्द भिंतीपर्यंत ऐकू जात होता. मी सगळं सांगितलं, पायाची कड, काजळी, चपला. एक गृहस्थ पुस्तक तोंडापुढे धरून हसत होते. ते माझं गिऱ्हाईक निघाले. आता फ्यूजला सांगायची गरज उरली नाही.

बाईंनी शांतपणे ऐकलं. "पत्र माझ्या खणातच आहे," त्या म्हणाल्या. "पुढे पाठवायला मला वेळ झाला नव्हता." आठ दिवस वेळ न झालेल्या त्या बाईंच्या टेबलावर दुसरा एकही कागद नव्हता. पत्र फाडून त्यांनी तुकडे माझ्याच हातात दिले.

२६ तारीख, बुधवार

सराव चालू आहे. मी मागच्या सीटवर. तिथून माझी बायको कशी दिसते हे मला आजवर ठाऊक नव्हतं. आरसा बघताना हनुवटी जरा वर करते. सिग्नलला थांबली की बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरते. आज येताना तिने मला गॅरेजात सोडलं आणि वाटेत त्या घड्याळवाल्या आजोबांना कुठलं प्रवासवर्णन द्यायचं ते सांगितलं. मला वाटलं होतं, चालवताना बोलता येणार नाही तिला.

२८ तारीख, शुक्रवार

सकाळी नऊला परीक्षा. परीक्षक तिच्या शेजारी बसला आणि गाडी फाटकाबाहेर गेली. मी आवारातल्या बाकावर. पाय आता बऱ्यापैकी बरा आहे, पण चैन पडेना. पंचवीस मिनिटांनी गाडी परत आली. परीक्षक उतरला, कागदावर काहीतरी खरडून निघून गेला. ही मात्र तशीच आत बसलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान खाली, आणि खांदे हलत होते. मी धावत गेलो, म्हणजे लंगडत धावलो.

रडत नव्हती. हसत होती.

"पास," म्हणाली. "आणि एकदा बंद पडली."

"बंद पडली? कुठे? मी तर पूर्ण साफ..."

"टाकीच्या चढावर. गाडीचं काही नाही हो. मी क्लच लवकर सोडला. माझीच चूक." आणि पुन्हा हसायला लागली. "मला लगेच कळलं, माझी आहे म्हणून. हँडब्रेक लावला, सुरू केली, आरसा बघितला आणि निघाले. तो म्हणाला, घाबरला नाहीत, बरं केलंत."

मी तिला समजावलं की क्लच लवकर सुटणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक आहे, सरावाने जाईल. तिने ते धड ऐकलंही नाही. फाटकापाशी तिच्याबरोबर शिकलेल्या एक बाई भेटल्या, त्यांना तिने आधी बंद पडल्याचं सांगितलं आणि मग पास झाल्याचं. घरी आल्यावर बहिणीलाही फोनवर तेच. चूक झाली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

व्हॅनची पहिली फेरी मंगळवारी आहे. साडेआठला निघायचं म्हणते.